ग्रिड गाण्याला जुळवा, गाणं ग्रिडला नको : जात्यावरच्या ओवीचा टेम्पो नकाशा

एक साधा प्रयोग करून बघा. घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या आजींची ओवी त्यांना विचारून मोबाईलवर रेकॉर्ड करा. ती फाईल संगणकावरच्या कुठल्याही म्युझिक सॉफ्टवेअरमध्ये टाका आणि मेट्रोनोम चालू करा. पहिले दोन-तीन सेकंद वाटेल, जमतंय. मग टिकटिक एकीकडे आणि आजी दुसरीकडे. आजी चुकत नाहीयेत. टिकटिकही चुकत नाहीये. दोघांची घड्याळं वेगळी आहेत, एवढंच.

आजचा लेख या दोन घड्याळांबद्दल आहे. मोकळेपणाने गायलेल्या किंवा वाजवलेल्या गोष्टीला सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्टचा टेम्पो कसा जुळवायचा, हा वरवर स्टुडिओतला प्रश्न. रेकॉर्डिंग करणारी मंडळी तो रोज सोडवतात. पण तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल, मग विषय भौतिकशास्त्र असो, संगणक असो, भाषाशास्त्र असो की लोकसाहित्य, तर या छोट्या प्रश्नात मोजमाप, चूक, मॉडेल आणि प्रामाणिकपणा या चारही गोष्टी एकत्र सापडतात. म्हणून सविस्तर लिहितेय.

मी उत्रोलीची, तालुका भोर. एम.एस्सी. फिजिक्सनंतर आता सिग्नल प्रोसेसिंगमध्ये पीएच.डी. करतेय. गणित लागेल, पण भागाकार येत असेल तर पुरे.

१२० आला कुठून?

नवीन प्रोजेक्ट उघडला की बहुतेक सॉफ्टवेअर टेम्पो १२० दाखवतं. म्हणजे मिनिटाला १२० ठोके, अर्ध्या सेकंदाला एक. हा आकडा निसर्गातून आलेला नाही. मिडी फाईलच्या नियमांत टेम्पो 'एका ठोक्याला किती मायक्रोसेकंद' असा लिहितात. फाईलमध्ये टेम्पो दिलेलाच नसेल तर ५,००,००० मायक्रोसेकंद धरायचे असं ठरलेलं आहे. ५,००,००० मायक्रोसेकंद म्हणजे अर्धा सेकंद, म्हणजे १२०. सांगायचा मुद्दा असा की तो आकडा तुमच्या गाण्याबद्दल काहीच सांगत नाही. तो फक्त 'अजून कोणी मोजलेलं नाही' एवढंच सांगतो.

सॉफ्टवेअरमध्ये वर दोन पट्ट्या असतात. एक सेकंदांची, दुसरी मात्रांची (बार आणि बीट). ध्वनी सेकंदांच्या पट्टीवर असतो, कारण मायक्रोफोनला मात्रा कळत नाहीत. आपलं संगीताचं बोलणं मात्रांच्या पट्टीवर असतं. या पट्टीवरून त्या पट्टीवर जायचं सूत्र म्हणजे टेम्पो नकाशा. टेम्पो एकच असेल तर नकाशा सरळ रेघ. गाणारी व्यक्ती श्वास घेते, थांबते, हसते, पुढे जाते, तेव्हा ती रेघ वाकते. ती वाकडी रेघ शोधणं हेच आपलं काम.

दोन वाटा

पहिली वाट : गाणं ओढून-ताणून ग्रिडवर बसवायचं. सॉफ्टवेअर आवाजाची उंची न बदलता लांबी कमी-जास्त करतं. ही कल्पना जुनी आहे. फेज व्होकोडर नावाची पद्धत फ्लॅनगन आणि गोल्डन यांनी १९६६ मध्ये मांडली. सिनेगीत बनवताना ही वाट ठीक आहे.

दुसरी वाट : गाण्याला हात लावायचा नाही, ग्रिडच वाकवायची. जिथे गाण्याचा ठोका आहे तिथे मात्रेची रेघ नेऊन ठेवायची. ध्वनीचा एकही नमुना बदलत नाही. बदलतो तो फक्त नकाशा.

शिंपी कापड अंगाच्या मापाने कापतो, अंग कापडाच्या मापाने नाही. संशोधनातही तसंच. गाणं हा तुमचा डेटा, ग्रिड हे तुमचं मॉडेल. पहिल्या वाटेने गेलात तर गाणारीने कुठे वेग घेतला आणि कुठे सोडला ही माहितीच पुसली जाते, आणि मग निष्कर्ष निघतो की 'लय अगदी स्थिर आहे'. स्थिर असणारच, तुम्हीच केलीत ना ती!

ओवी आणि जातं

आता खरं उदाहरण. पुण्यात सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस ही संस्था हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी उभी केली. १९८०च्या दशकापासून त्यांनी आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. आपल्या बाजूच्या मुळशीसारख्या डोंगरी तालुक्यांत सुरू झालेलं हे काम पुढे महाराष्ट्रभर पसरलं. हजाराहून जास्त गावं आणि एक लाखाहून जास्त ओव्या. १९९०च्या दशकात संगणकशास्त्र आणि संगीत दोन्ही जाणणारे बर्नार्ड बेल या कामात आले. ओव्यांचा डेटाबेस उभा राहिला आणि सुमारे १२० तासांचं ध्वनिमुद्रण झालं. २०१७ पासून हा संग्रह 'पारी'वर, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संकेतस्थळावर, कोणालाही ऐकता-वाचता येतो.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या. एक लाखावर ओव्यांचे शब्द आपल्याकडे लिहिलेले आहेत. पण शब्द लिहून घेतले की वेळ हरवतो. कुठली ओळ किती वेळात म्हटली, कुठे ओढली, हे वहीतून कळत नाही. ती माहिती फक्त ध्वनिमुद्रणात आहे. म्हणून त्या १२० तासांची किंमत वेगळी आहे आणि म्हणून ते मोजताना हात जपून ठेवायचा.

ओवीला 'मुक्त' म्हणतात तेव्हा नेमकं काय मुक्त असतं? अक्षरांची संख्या ओळीगणिक बदलते. ओळ पुन्हा म्हणतात, मध्येच 'गं बाई' येतं, श्वास हवा तिथे घेतात. तबला नाही, टाळ नाही. पण खाली जातं फिरतंय, आणि जात्याला स्वतःची आवर्तनं असतात. खुंटा धरून हात पुढे जातो, वळसा घेऊन परत येतो. समोरासमोर दोघी बसल्या असतील तर दोघींचे हात एकाच खुंट्यावर, म्हणजे वेग दोघींनी मिळून ठरवलेला. दाणे वैरताना एक हात मोकळा करावा लागतो. तेव्हा फेरा लांबतो का? हे अंदाजाने सांगायचं नाही, मोजायचं.

म्हणजे एका रेकॉर्डिंगमध्ये दोन प्रवाह आहेत : जात्याचे फेरे आणि गळ्यातले शब्द. ग्रिड कशाला जुळवायची हा पहिला निर्णय, आणि तो सॉफ्टवेअर घेऊ शकत नाही. मी सुचवेन की ग्रिड जात्याला जुळवा. मग गळा त्या ग्रिडवर कुठे पुढे, कुठे मागे जातो ते बघता येतं. उलट केलंत, शब्दांनाच ग्रिड जुळवली, तर गळा नेहमीच 'बरोबर' दिसेल आणि प्रश्नच संपून जाईल.

प्रत्यक्ष काम

१. मूळ फाईल बाजूला ठेवा, तिला पुन्हा हात लावायचा नाही. काम प्रतीवर. मोबाईलची फाईल दाबलेल्या फॉरमॅटमध्ये असेल तर प्रत वेव्ह करून घ्या, पण मूळ तशीच ठेवा.

२. टेम्पोला हात लावण्याआधी ऑडिओ सेकंदांना बांधून टाका. ही पायरी नवीन मुलं हमखास विसरतात. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये ऑडिओचा तुकडा मात्रांना बांधलेला असू शकतो. मग तुम्ही टेम्पो बदललात की तुकडा सरकतो किंवा ताणला जातो, आणि तुम्ही सावलीचा पाठलाग करत बसता. रीपरमध्ये 'टाइमबेस' ही सेटिंग असते, ती 'टाइम'वर ठेवा. एबलटनमध्ये 'वॉर्प' चालू असेल तर ते ऑडिओच ओढतं, हे ध्यानात असू द्या.

३. खुणा करा. मी यासाठी सॉनिक व्हिज्युअलायझर वापरते. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात तयार झालेलं हे सॉफ्टवेअर मोफत आहे. रेकॉर्डिंग ऐकत ऐकत प्रत्येक फेऱ्याला एक कळ दाबायची. मग झूम करून प्रत्येक खूण तपासायची.

हे तपासणं का लागतं? माणूस ठोक्याबरोबर बोट टेकवतो तेव्हा बहुधा ठोक्याच्या जरा आधीच टेकवतो, काही दशक मिलिसेकंद. मानसशास्त्रात हे पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. सगळ्या खुणा सारख्याच आधी पडल्या तर टेम्पो बिघडत नाही, कारण आपण अंतर मोजतो. पण त्या सारख्या पडत नाहीत, थोड्या विखुरतात.

४. अंतरं काढा. टेम्पो म्हणजे ६० भागिले दोन ठोक्यांमधलं अंतर, सेकंदांत.

५. खुणा सॉफ्टवेअरमध्ये टेम्पो नकाशा म्हणून भरा. प्रो टूल्समध्ये 'आयडेंटिफाय बीट', क्यूबेसमध्ये 'टाइम वॉर्प' हे टूल, लॉजिकमध्ये २०१८ पासून 'स्मार्ट टेम्पो'. नावं वेगळी, काम तेच : 'या क्षणी ही मात्रा आहे' असं सांगायचं आणि मधला टेम्पो त्याला काढू द्यायचा.

६. मेट्रोनोम लावून डोळे मिटून ऐका. स्क्रीनवर जुळलेलं दिसतं तेव्हा कानाला खटकू शकतं. कानाचा निकाल शेवटचा.

सहा आकडे

हे आकडे मी समजावण्यासाठी रचलेत, कुठल्या रेकॉर्डिंगचे नाहीत. समजा जात्याच्या फेऱ्यांच्या खुणा अशा पडल्या (सेकंद) :

०.००, २.१०, ४.२६, ६.३०, ८.५२, १०.५६

अंतरं : २.१०, २.१६, २.०४, २.२२, २.०४. सरासरी २.११२ सेकंद. म्हणजे मिनिटाला साधारण २८.४ फेरे. एका फेऱ्यात दोन मात्रा धरल्या (हात जातो, हात येतो) तर टेम्पो ५६.८. फेऱ्यागणिक बघितलं तर ५७.१, ५५.६, ५८.८, ५४.१, ५८.८.

आता कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, प्रोजेक्टला सरळ ५७ टेम्पो द्या. देऊन बघू. ५७ला एक फेरा २.१०५ सेकंदांचा. पाच फेऱ्यांनी ग्रिड १०.५२६ला पोचते, खूण १०.५६ला. फरक ३४ मिलिसेकंद. छान की! पण मधल्या खुणा बघा. दुसऱ्या फेऱ्याअखेर ग्रिड ४९ मिलिसेकंद पुढे, तिसऱ्याला १६ मिलिसेकंद मागे, चौथ्याला ९९ मिलिसेकंद पुढे. शेवट जुळला म्हणून मधलं जुळलं असं होत नाही. फक्त पहिलं आणि शेवटचं टोक बघून 'टेम्पो जुळला' म्हणणारे बरेच असतात.

दुसरी अडचण लांब रेकॉर्डिंगमध्ये येते. स्थिर टेम्पो एक टक्क्याने चुकला तर तीन मिनिटांत ग्रिड १.८ सेकंद सरकते. म्हणजे आपल्या उदाहरणात जवळजवळ एक अख्खा फेरा. तुम्ही पाचव्या ओवीची पहिली मात्रा समजून भलत्याच जागेवर बोट ठेवाल.

खूण हलवायची का?

आता खरी परीक्षा. वरच्या अंतरांमधली शेवटची तीन परत बघा : २.०४, २.२२, २.०४. एक छोटं, एक मोठं, एक छोटं. असा नागमोडी नमुना दिसला की संशोधकाने कान टवकारायला हवेत. का?

एक खूण उशिरा पडली की तिच्या आधीचं अंतर वाढतं आणि नंतरचं तेवढंच कमी होतं. म्हणजे एका चुकीमुळे दोन शेजारी आकडे उलट दिशांना सरकतात. हीच गोष्ट विंग आणि क्रिस्टोफरसन यांनी १९७३ मध्ये माणसाच्या तालाबद्दल मांडली. डोक्यातलं घड्याळ आणि हाताची हालचाल, दोन्हींत थोडी थोडी गडबड असते. हाताच्या गडबडीमुळे शेजारच्या अंतरांत असा एक लांब, एक आखूड नमुना येतो. घड्याळाच्या गडबडीमुळे येत नाही. म्हणून नागमोड दिसली तर ती दळणाऱ्या बाईच्या हाताची असू शकते, आणि कळ दाबणाऱ्या तुमच्या बोटाचीही असू शकते.

बोटाची किती असेल? समजा प्रत्येक खुणेत साधारण २० मिलिसेकंदांचा विखुरलेपणा आहे. अंतर दोन खुणांपासून बनतं, त्यामुळे अंतरातला विखुरलेपणा २० गुणिले दोनचं वर्गमूळ, म्हणजे २८ मिलिसेकंद. २.११ सेकंदांच्या अंतरात हा १.३ टक्के होतो. टेम्पोत सांगायचं तर पाऊण बीपीएमच्या आसपास. म्हणजे ५७.१ आणि ५६.८ यांच्यातल्या फरकावर निबंध लिहू नका. तो फरक तुमच्या बोटाचाही असू शकतो. ५४ आणि ५९ मधला फरक मात्र एवढ्याने झटकता येत नाही.

आता ८.५२ची खूण घ्या. ती ८.४२ असती तर? अंतरं होतात २.१२ आणि २.१४. नागमोड गायब. आणि ५७च्या स्थिर ग्रिडवर चौथा फेरा येतो ८.४२१ला. म्हणजे ९९ मिलिसेकंदांचा तो सगळ्यात मोठा फरक एका झटक्यात जवळजवळ शून्य. किती सुंदर!

इथेच थांबा. हात माऊसवर आहे, खूण हलवली तर आलेख गुळगुळीत होणार, गाइडना आवडणार, पेपरमध्ये चांगला दिसणार. पण आलेख गुळगुळीत होतो हे खूण हलवायचं कारण होऊच शकत नाही. कारण फक्त एक : ८.४२ला खरंच फेऱ्याचा आवाज ऐकू येतो आणि ८.५२ला येत नाही. म्हणून त्या जागेवरचा दीड-दोन सेकंदांचा तुकडा कापा, आकडा न बघता ऐका, शक्य असेल तर ज्याला तुमचं गृहीतक माहीत नाही अशा मित्राला ऐकवा. त्याने ८.४२ म्हटलं तर हलवा आणि तशी नोंद करा. त्याने ८.५२ म्हटलं तर ती बाई त्या फेऱ्याला खरंच थांबली होती. कदाचित तेव्हाच तिने मूठभर दाणे वैरले असतील. गुळगुळीत करण्याच्या नादात तुम्ही तिचा हातच पुसून टाकला असता.

मला विचाराल तर या लेखातला एवढाच भाग लक्षात राहिला तरी चालेल. एका खुणेवर 'लय स्थिर' की 'लय बदलती' हा निष्कर्ष टांगलेला असू शकतो. म्हणून खुणा करताना निष्कर्ष विसरायचा.

मशीनवर का नाही सोडायचं?

पायथनमधली लिब्रोसा ही लायब्ररी एका ओळीत ठोके काढून देते. तिची पद्धत डॅनियल एलिस यांच्या २००७च्या पेपरवर आधारलेली आहे. ती दोन गोष्टी बघते : आवाजात नवीन सुरुवात कुठे होते, आणि ठोके एकमेकांपासून साधारण सारख्या अंतरावर आहेत का. ही दुसरी अटच इथे आड येते. टेम्पो फारसा बदलत नाही असं ती धरून चालते, आणि सुरुवातीचा अंदाज पुन्हा तोच, १२०! मिनिटाला २८ फेरे तिला बहुधा दिसणारच नाहीत. ती त्याच्या दुप्पट किंवा चौपट आकडा देईल. दुप्पट किंवा निम्मा टेम्पो येणं हा या क्षेत्रातला नेहमीचा घोटाळा आहे.

शिवाय ड्रमचा ठोका एकदम उठतो. गळ्यातला स्वर हळूहळू उमलतो आणि जात्याची घरघर तर सतत चालूच असते. 'सुरुवात' नेमकी कुठे म्हणायची? वर लिब्रोसा नेहमीच्या सेटिंगवर २३ मिलिसेकंदांच्या पावलांनी चालते (५१२ नमुने, सेकंदाला २२,०५०). त्यापेक्षा बारीक उत्तर ती देऊ शकत नाही. आणि बीट शोधणाऱ्या प्रोग्रामांची परीक्षा घेताना ठोक्याच्या आजूबाजूला ७० मिलिसेकंदांपर्यंतची चूक सहसा माफ असते. म्हणजे एखाद्या पेपरात '९० टक्के अचूक' वाचलंत तर आधी विचारा, किती मिलिसेकंदांच्या माफीने, आणि कुठल्या संगीतावर?

आपल्या संगीतासाठी वेगळी साधनं लागतात हे काही मी एकटी म्हणत नाहीये. बार्सिलोनाच्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठात शावियर सेरा यांच्या नेतृत्वाखाली कॉम्पम्युझिक हा प्रकल्प २०११ पासून काही वर्षं चालला. त्यात हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीतावर मोठं काम झालं, आणि आपल्या आयआयटी मुंबईतला प्रा. प्रीती राव यांचा गटही त्यात होता. विलंबित ख्यालात एकतालाचं एक आवर्तन मिनिटाच्याही पुढे जाऊ शकतं. तिथे पॉपसाठी शिकवलेल्या प्रोग्रामला सम सापडावी कशी? मशीनचा निकाल पहिला कच्चा खर्डा म्हणून घ्या. मग हाताने तपासा.

ग्रिड मिळाली, आता पुढे?

टेम्पो नकाशा हा शेवट नाही, ते हत्यार आहे. त्याने काय करता येतं ते बघा.

एखादं अक्षर ५.२८ सेकंदांवर सुरू होतं. ते ४.२६ आणि ६.३० या दोन खुणांच्या मध्ये आहे. १.०२ भागिले २.०४, म्हणजे ०.५०. अक्षर फेऱ्याच्या बरोबर मध्यावर आलं. याला फेऱ्यातली कला किंवा फेज म्हणा. फेरा लांबला-आखडला तरी फेजची तुलना करता येते. आता खरे प्रश्न विचारता येतात. ओळीचं पहिलं अक्षर नेहमी एकाच फेजला येतं का? दुसऱ्यांदा म्हटलेली ओळ पहिलीपेक्षा घट्ट बसते का? मुलाबद्दलची ओवी आणि सासुरवासाची ओवी यांत फेऱ्यांचा वेग वेगळा असतो का?

एक सावधगिरी. फेज गोल असते, घड्याळाच्या तबकडीसारखी. ०.९८ आणि ०.०२ यांची साधी सरासरी ०.५ येते, पण दोन्ही तर फेऱ्याच्या सुरुवातीलाच आहेत! इथे वर्तुळाकार संख्याशास्त्र वापरायचं. परीक्षेत नसलं तरी शिकून घ्या, पुढे वाऱ्याच्या दिशेपासून झोपेच्या वेळेपर्यंत सगळीकडे लागतं.

जिथे ठोकाच नाही

प्रत्येक गोष्टीला ग्रिड लागतेच असं नाही. रागाच्या आलापात मोजण्याजोगी मात्रा नसेल तर बळेच बार-बीट घालू नका. संगीतकार पिएर बुलेझ यांनी १९६०च्या दशकात 'सपाट' काळ आणि 'आखलेला' काळ असा फरक केला होता. बर्नार्ड बेल यांनी जेम्स किपेन यांच्याबरोबर १९८०च्या दशकात तबल्याच्या कायद्यांसाठी बोल प्रोसेसर नावाचा प्रोग्राम बनवला. त्याच्या पुढच्या आवृत्त्यांत हा फरक थेट वापरलेला आहे. मात्रा असेल तर आखलेला काळ, नसेल तर नुसते क्षण, क्रमाने.

आपल्या ओवीतही ही वेळ येते. आता पीठ गिरणीतून येतं. आमच्या घरातलं जातं मागच्या भिंतीला टेकलेलं आहे आणि आजी ओवी म्हणते ती खाटेवर बसून. तिच्या रेकॉर्डिंगमध्ये गळा आहे, जातं नाही. ज्या घड्याळाला ग्रिड जुळवायची तेच घड्याळ आवाजातून निघून गेलंय. ते तिच्या हातात अजून आहे का? ऐकताना तिचा उजवा हात मांडीवर हलताना दिसतो, पण माझ्या मायक्रोफोनला तो दिसत नाही. अशा रेकॉर्डिंगला मी टेम्पो नकाशा देत नाही. सेकंदांवर अक्षरांच्या खुणा करते आणि 'फेरा उपलब्ध नाही' अशी नोंद ठेवते. तुम्ही आज कोणाची ओवी घेणार असाल तर आवाजाबरोबर हाताचा व्हिडिओही घ्या. आणि त्या तयार असतील, झेपत असेल, तर एकदा रिकामं का होईना जातं फिरवून म्हणायला सांगा. दहा वर्षांनी हे सांगायला कोणी असेलच असं नाही.

कामाला लागण्याआधी

नकाशा मूळ ऑडिओपासून वेगळ्या फाईलमध्ये ठेवा : साधा तक्ता, एक रकाना सेकंदांचा, दुसरा फेऱ्याच्या क्रमांकाचा, तिसरा शेऱ्याचा. खुणा कोणी केल्या, कधी केल्या, कुठली खूण नंतर हलवली आणि का, हे लिहा. त्याच फाईलच्या खुणा आठवड्याने पुन्हा करा, जुन्या न बघता. दोन वेळच्या खुणांतला फरक म्हणजे तुमच्या हाताची चूक. ती आकड्यात सांगता आली की तुमचा निम्मा मेथड्स चॅप्टर झाला. गाणाऱ्या बाईचं नाव तिच्या परवानगीने नोंदवा, आणि नको म्हणाली तर नको.

आता गृहपाठ. तीन मिनिटांचं एक रेकॉर्डिंग घ्या. ओवी नसेल तर भजनाची सुरुवात, पाळणा, काहीही मोकळं चालेल. आधी कागदावर लिहा : कशाचा ठोका मोजणार आणि का. मग खुणा करा, अंतरं काढा आणि नागमोड कुठे दिसते ते शोधा. तिथे हात न चालवता कान चालवा. पुढच्या लेखात तोच तक्ता घेऊन पायथनमध्ये टेम्पोचा आलेख आणि फेजचं वर्तुळ कसं काढायचं ते बघू.